हरणाचं मांस घरी शिजवताना: आधी तुकडा ओळखा, मसाल्याचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला शेजारच्या शिकारी गृहस्थांनी हरणाच्या मांसाची पाच पाकिटं दिली. त्यातलं ‘बॅकस्ट्रॅप’ लिहिलेलं एक त्यांनी नेहमीच्या मटणासारखं केलं, कुकरला सहा शिट्ट्या देऊन. मांस कोरडं, दोऱ्यादोऱ्यांचं झालं, रश्श्याला उग्र वास आला आणि मुलांनी ताट सरकवलं. फ्रीझरमध्ये अजून चार पाकिटं आहेत: आणखी एक बॅकस्ट्रॅप, एक ‘रोस्ट’, एक ‘स्ट्यू’ आणि एक ‘ग्राउंड’ म्हणजे खिमा. पुढच्या महिन्यात आई कोल्हापूरहून येणार आहेत. चुकलं कुठे, वास कसा घालवायचा, आणि मुलांना-आईंना हे द्यावं का?

मी मूळची कोल्हापूरचीच. सतरा वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे आणि त्यातले अकरा हिवाळे गावातल्या एका मांस कापून देणाऱ्या दुकानात हंगामी काम केलं आहे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी इथला नऊ दिवसांचा बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि त्या दिवसांत आमच्या टेबलावर पांढऱ्या शेपटीच्या हरणांशिवाय दुसरं काही नसतं. तेव्हा हाताखालून गेलेल्या मांसाबद्दल सांगते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हे सगळं इथल्यापुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार बंद आहे आणि त्यांचं मांस बाळगणं हाही गुन्हा आहे. इथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात केलेली शिकार कायदेशीर आहे. शिकारीचं मांस विकता येत नाही, पण भेट देता येतं. म्हणून ते तुमच्यापर्यंत शेजाऱ्याच्या हातूनच येतं. दुकानात मिळणारं हरणाचं मांस पाळीव हरणांचं असतं, बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं.

आता चूक. तीच चूक पहिल्या वर्षी मीही केली होती. बॅकस्ट्रॅप म्हणजे पाठीच्या कण्याला लागून, मानेच्या खालपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी जाणारा लांब पट्टा. हा स्नायू पळण्या-उड्या मारण्याचं काम पायांइतकं करत नाही, म्हणून तो मुळातच मऊ असतो. त्यात चरबी नाही आणि चिवट पडदे-शिराही जवळजवळ नाहीत. कुकरमध्ये मटण मऊ होतं ते त्या पडद्या-शिरांतलं कोलॅजन विरघळून चिकट रस होतो म्हणून. बॅकस्ट्रॅपमध्ये विरघळायलाच काही नाही. उष्णतेने तंतू आवळतात, आतलं पाणी पिळून बाहेर येतं आणि मागे दोऱ्यांचा गठ्ठा उरतो. मग आपल्याला वाटतं अजून शिजलं नाही, आणि आपण आणखी तीन शिट्ट्या देतो. माझ्या हातून तसंच झालं होतं. माझ्या घरमालकांनी त्यांच्या जनावरातला सगळ्यात चांगला तुकडा मला दिला होता आणि तो मी चाळीस मिनिटं कुकरात ठेवला. त्यांनी ‘कसं लागलं’ विचारलं तेव्हा मला खरं सांगता आलं नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

या चुकीचं मूळ आपल्या खाटकाच्या दुकानात आहे. आपण एक किलो मटण मागतो तेव्हा खाटीक मांडी, खांदा, चाप, नळी, थोडी चरबी, आवडत असेल तर कलेजीचा एखादा तुकडा, असं सगळं मिळवून देतो. ते एकाच पातेल्यात जातं. नळीचा रस मांडीच्या तुकड्यांना सांभाळतो, चरबीची तर्री वर येते आणि सगळं एकमेकांच्या आधाराने शिजतं. हरणाचं मांस तसं येत नाही. ते स्नायू-स्नायू वेगळं करून, बिनहाडाचं, बिनचरबीचं, वेगवेगळ्या पाकिटांतून येतं. एका पाकिटाला काही मिनिटं हवी असतात, दुसऱ्याला तीन तास. मधलं काही चालत नाही. ज्याला मिनिटं हवीत त्याला तास दिले तर भुसा होतो, आणि ज्याला तास हवेत त्याला पातेल्यात चाळीस मिनिटं दिली तर रबर. पाकिटावरचं लेबल वाचलं की अर्धा स्वयंपाक झालाच म्हणून समजा.

वितळवायच्या आधी शेजाऱ्यांना विचारा

हे विचारताना संकोच करू नका. चांगल्या शिकाऱ्याला असे प्रश्न आवडतात.

पहिलं, या हरणाची सीडब्ल्यूडीसाठी तपासणी झाली का? क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग आहे, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही आपल्याच डेन काउंटीच्या बाजूला, आणि राज्याचा हा दक्षिण भाग आजही त्याने सर्वांत जास्त बाधलेला आहे. माणसाला तो झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही. तरी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा सल्ला साफ आहे: बाधित भागातलं हरीण तपासून घ्या, आणि रोग आढळला तर ते मांस खाऊ नका. शिजवल्याने प्रायॉन नष्ट होत नाही, कितीही शिट्ट्या दिल्या तरी. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं शिकाऱ्यांना ही तपासणी मोफत करून देतं. मानेतल्या लसिका ग्रंथी काढून पाठवतात आणि निकाल यायला काही दिवस लागतात. निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीझरमध्येच राहू द्या. कण्याची हाडं आणि मेंदू तर घरात आणूच नका.

दुसरं, कापून घेताना मांस वेगळं ठेवलं होतं की इतरांच्या हरणांबरोबर एकत्र झालं? खिमा आणि सॉसेज करताना अनेक दुकानं पाच-सहा जणांचं मांस एकत्र दळतात. तसं असेल तर एका हरणाच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

तिसरा प्रश्न मराठी घरांत हमखास राहून जातो: खिम्यात काय मिसळलं आहे? हरणाला चरबी नाही म्हणून दळताना त्यात गाईची किंवा डुकराची चरबी घालण्याची इथे सर्रास पद्धत आहे. समर सॉसेज आणि स्नॅक स्टिकमध्ये तर बहुतेक वेळा डुकराचं मांसही असतं. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांना अनेकदा पत्ताच नसतो, कारण लेबलवर नुसतं ‘व्हेनिसन’ लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षी पाकिटं मिळणार असतील तर आधीच सांगून ठेवा की खिमा नुसता हवा, काही न मिसळता. आमच्या दुकानात असं सांगणारी चार भारतीय कुटुंबं होती आणि मालकांनी ते कधी विसरू दिलं नाही.

चौथं, गोळी शिशाची होती की तांब्याची? शिशाची गोळी लागताच फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत जातात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात अन्नदानासाठी आलेल्या खिम्याच्या पाकिटांच्या क्ष-किरण तपासणीत असे कण दिसले आणि ती पाकिटं टाकून द्यायला सांगण्यात आलं. खिम्यात धोका जास्त असतो, कारण जखमेजवळची कात्रणं त्यातच जातात. शिशाच्या गोळीचं हरीण असेल तर लहान मुलांना आणि गरोदर बाईला मी खिमा देत नाही. बॅकस्ट्रॅप किंवा मागच्या मांडीचा अखंड तुकडा, जखमेपासून लांबचा असेल तर, देते.

वास कुठून येतो

उग्र वास मांसाचा नसतो, तो मांसावर राहिलेल्या गोष्टींचा असतो. पहिली गोष्ट चरबी. बोकडाची चरबी आपल्याला चव देते, हरणाची नाही. ती पांढरी, मेणासारखी कडक असते, तोंडात वितळत नाही, टाळूला चिकटते आणि जंगली वास धरून ठेवते. दुसरी गोष्ट पडदे. तिसरी, गोळीमुळे रक्त साकळलेला काळसर भाग. आणि मारल्यावर जनावर लवकर साफ करून थंड केलं नसेल तर येणारा आंबूस वास, ज्यावर घरी काहीच उपाय नाही. आपल्या भागातली हरणं मका आणि सोयाबीनच्या शेतांत चरतात, त्यामुळे नीट हाताळलेलं मांस खरं तर सौम्य असतं, बोकडापेक्षाही.

म्हणून मसाला वाढवून वास झाकायला जाऊ नका. सुरी घ्या. पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून सव्वा-दीड दिवस वितळू द्या. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवू नका. लाल पाणी सुटेल, ते रक्त नव्हे, मांसातलं रंगीत पाणी आहे. ते ओतून टाका आणि कागदी रुमालाने तुकडा कोरडा टिपा. नळाखाली धुऊ नका, ओलं मांस तव्यावर भाजलं जात नाही, उकडतं.

आता तुकडा उजेडात धरा. बॅकस्ट्रॅपच्या एका बाजूला निळसर-चंदेरी चमक दिसेल, माशाच्या पोटासारखी. तो चंदेरी पडदा. तो कोणत्याही आचेवर बॅकस्ट्रॅपच्या वेळेत शिजत नाही, उलट आवळून तुकड्याला वाकडा करतो. पातळ, धारदार सुरीचं टोक एका कडेला पडद्याखाली सरकवा, दोन बोटांत धरता येईल एवढी पट्टी सोडवा, ती डाव्या हाताने ताणून धरा आणि सुरीचं पातं किंचित वर, पडद्याच्या दिशेने झुकवून पुढे ढकलत न्या. पातं खाली झुकलं तर मांस जातं, वर झुकलं तर नुसता पडदा निघतो. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. पांढरी चरबी दिसेल तिथे निर्दयपणे काढा. तुमच्या रश्श्याला जो वास आला तो बहुधा या दोन गोष्टींचाच होता.

इथे लोक रात्रभर दुधात भिजवायला सांगतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. नीट साफ केलेल्या तुकड्याला दुधाची गरज लागत नाही, आणि न साफ केलेल्याला त्याचा उपयोग होत नाही. दह्याचं मॅरिनेशन आपल्या जिभेला आवडतं म्हणून करा, पण चार-पाच तासांपुरतं. कच्ची पपई मात्र जपून. बोकडाला चालणारं प्रमाण हरणाच्या बारीक तंतूंना झेपत नाही. अर्ध्या किलोला एक चमचा वाटलेली पपई, फार तर अर्धा तास, आणि तीही फक्त चिवट तुकड्यांना. बॅकस्ट्रॅपला पपई लावली तर वरचा थर पिठूळ होतो.

बॅकस्ट्रॅप

रात्री साफ करून मीठ लावून ठेवा, अर्ध्या किलोला सपाट एक चमचा. फ्रीजमध्ये जाळीवर, न झाकता. सकाळी वरचा भाग कोरडा आणि गडद दिसेल, तेच हवं. शिजवायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, थोडं तेल घाला, तुकडा ठेवा आणि हलवू नका. प्रत्येक बाजूला दोन-अडीच मिनिटं. शेवटी एक चमचा तूप, चार ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, भरडलेली काळी मिरी, आणि ते तूप चमच्याने वर ओतत राहा.

शिजलं की नाही हे रंगावरून ओळखू नका. हे मांस मुळातच गडद आहे, रंग फसवतो. पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या, एवढं एक माझं ऐका. आतलं तापमान १२५ फॅरनहाइट (५२ सेल्सिअस) झालं की उतरवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या, ते स्वतःहून १३०-१३५ पर्यंत चढतं. आतून गुलाबी, मऊ, रसाळ. मग तंतूंना आडवं, पातळ कापा. तव्यात जो अर्क चिकटला आहे त्यात दोन चमचे आगळ, सुपारीएवढा गूळ आणि थोडं पाणी घालून उकळा आणि वर ओता. युरोपात या मांसाबरोबर आंबट-गोड बेरींची चटणी घेतात. आपलं कोकम तेच काम त्याहून चांगलं करतं, असं माझं ठाम मत आहे.

पण ही गुलाबी पद्धत निरोगी मोठ्या माणसांसाठी, आणि जोखीम समजून. सरकारी सल्ला अखंड तुकड्यालाही किमान १४५ फॅरनहाइट (६३ सेल्सिअस) आणि वर तीन मिनिटांची विश्रांती असा आहे. अर्धकच्च्या हरणातून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी येऊ शकतो. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच एका सहलीत असं मांस खाऊन आलेले बहुतेक लोक त्याने आजारी पडले. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, काही दिवस गोठवल्याने हा धोका खूप कमी होतो, पण सगळ्याच जंतूंचा जात नाही. मुलं, वयस्कर माणसं, गरोदर बाई यांना १६० फॅरनहाइट (७१ सेल्सिअस) पर्यंत शिजवलेलंच द्या.

मग मुलांसाठी बॅकस्ट्रॅप करायचाच नाही का? करायचा, वेगळ्या रीतीने. अर्धवट गोठलेला असतानाच तंतूंना आडव्या, अगदी पातळ चकत्या कापा, नंतर त्यांच्या पट्ट्या. अर्ध्या किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा आणि दोन चमचे पाणी चोळून पंधरा मिनिटं ठेवा, टिपा, मग मीठ, आलं-लसूण, मिरपूड, हळद. कडक तापलेल्या तव्यावर एका वेळी मूठभर टाका, जास्त नाही, नाहीतर पाणी सुटतं. दीड-दोन मिनिटांत पट्टी आरपार शिजते आणि तरी मऊ राहते. वर कांद्याची पात, लिंबू, गरम भाकरी. आमच्या घरी गुलाबी मांसाला हात न लावणारे सासरे हे दोनदा मागून घेतात.

स्ट्यू: मान, खांदा, नळी

तुमच्या आईंसाठी हे पाकीट राखून ठेवा. स्ट्यूच्या पाकिटात मानेचे, खांद्याचे, पायांच्या खालच्या भागाचे तुकडे असतात. हे सगळे राबणारे स्नायू, शिरांनी भरलेले. इथे चंदेरी पडदा पूर्ण काढायची गरज नाही, तोच पुढे रश्श्याला अंग देतो. चरबी मात्र काढाच.

एक किलोला मीठ, हळद, दोन चमचे आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा परतून तुकडे थोडे थोडे घालून सगळ्या बाजूंनी चांगले लाल करा. बोकडाला आपण एवढं लाल करत नाही, पण इथे चरबीची चव नसल्याने ही भाजल्याची चव लागतेच. मग गरम पाणी, ताटाचं झाकण, झाकणात पाणी, आणि मंद आच. अडीच-तीन तास. पाणी खदखदू देऊ नका, फक्त कडेला बुडबुडे. वेळ नसेल तर कुकर: एक शिट्टी, मग अगदी बारीक आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. काटा घालून फिरवला की तुकडा सहज सुटला पाहिजे. मध्येच एक वेळ अशी येते की मांस आधीपेक्षा कडक वाटतं, साधारण दीड तासावर. घाबरू नका, कोलॅजन अजून विरघळायचं आहे. तिथे गॅस बंद करणारे लोक मग सांगत फिरतात की हरीण चिवट असतं.

जे आळणी पाणी सुटतं त्यातलं दोन वाट्या मुलांना आधी द्या, मीठ-मिरी घालून.

वाटणाबद्दल माझ्या आजीकडून कळलेली एक गोष्ट सांगते. तिचं माहेर राधानगरीच्या बाजूचं, आणि तिच्या लहानपणी, कायदा यायच्या कितीतरी आधी, घरात कधीमधी भेकराचं मटण यायचं. ती म्हणायची, रानातल्या मटणाला खोबरं-तीळ दुप्पट लागतो, कारण त्याच्या अंगाला तेल नसतं. मी इथे येऊन अकरा हिवाळे मांस कापलं तेव्हा मला त्याचा अर्थ समजला. शिजवलेल्या शंभर ग्रॅम हरणात चरबी जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास असते. रश्श्यावर तर्री आणायची तर ती वाटणातूनच यायला हवी. म्हणून एक किलोला पाऊण वाटी किसलेलं सुकं खोबरं, तीन चमचे तीळ, एक चमचा खसखस, दोन मोठे कांदे, सगळं वेगवेगळं खमंग भाजून, बारीक वाटून, चार-पाच चमचे तेलात तेल सुटेपर्यंत परता. मग तीन चमचे कांदा-लसूण मसाला, जरासं दगडफूल. टोमॅटो अर्धा, नाही घातला तरी चालेल. मांस आणि आळणी घालून फक्त दहा मिनिटं उकळा, कारण मांस आधीच शिजलेलं आहे. रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, तुकडे थंड होताना रस परत पितात.

रोस्ट

हे बहुतेक मागच्या मांडीचं असतं. एका पाकिटात दोन-तीन स्नायू जोडलेले असतात. त्यांच्यामधल्या पडद्याच्या रेषेवर बोटाने दाबलं तर ते सुरीशिवाय वेगळे होतात. इथल्या पद्धतीने ओव्हनमध्ये अखंड भाजलेला रोस्ट मला कधीच समाधान देत नाही. बाहेरून कोरडा, आतून कच्चा. मी त्याचं सरळ लोणचं करते, कोल्हापुरी मटणाचं लोणचं.

आणि या एका पदार्थात हरीण बोकडाच्या पुढे जातं. बोकडाच्या लोणच्यात चरबी गोठून पांढरे कण दिसतात आणि ते लवकर खवट होतं. हरणाच्या मांडीत गोठायला काहीच नाही. एक किलो मांसाचे बोराएवढे तुकडे करा. मीठ, हळद, आलं-लसूण लावून, थोड्या पाण्यात झाकून मऊ होईपर्यंत शिजवा, तासभर तरी. झाकण काढून सगळं पाणी आटवा, तळाला लागेपर्यंत. दुसऱ्या कढईत दीड वाटी शेंगदाण्याचं तेल तापवून त्यात हे तुकडे मध्यम आचेवर तळा. आधी बुडबुडे मोठे आणि आवाज जोरात असतो, तो पाण्याचा. आवाज उतरून बुडबुडे बारीक झाले आणि तुकड्याची कड कुरकुरीत झाली की काढा. त्याच तेलात मोहरीची डाळ, मेथी, लसणाच्या अखंड पाकळ्या, हिंग. गॅस बंद करून, तेल कोमट झाल्यावर तिखट, म्हणजे जळत नाही. मग मांस, मीठ, तीन लिंबांचा रस. बरणीत भरल्यावर तेल वर बोटभर उभं राहिलं पाहिजे.

ही बरणी फ्रीजमध्येच ठेवायची आणि दोन आठवड्यांत संपवायची. तेलाखालचं मांस बाहेर ठेवलं तर हवेशिवाय वाढणारे विषारी जंतू त्यात वाढू शकतात, आणि त्याचा वास-चवीला पत्ता लागत नाही. आपल्याकडे बरण्या फडताळात असायच्या हे मला माहीत आहे, तरी मी ठेवत नाही. जास्त झालं तर छोट्या डब्यांत गोठवा.

खिमा

चरबी न मिसळलेला खिमा असेल तर अर्ध्या किलोला दोन चमचे तूप जास्त घाला आणि बाकी आपला नेहमीचा मटार-खिमा करा. पण आधी मसाला पूर्ण परतून घ्या, मग खिमा टाका. बोकडाच्या खिम्यासारखं अर्धा तास शिजवत बसलात तर वाळूसारखा होतो. १६० फॅरनहाइट गाठलं की पुरे, आणि त्याखाली कधीच उतरवू नका, खिम्यात वरचे जंतू दळताना आत जातात. २०१० मध्ये मिनेसोटातल्या एका हायस्कूलमध्ये वर्गात कापून शिजवलेल्या हरणामुळे ई. कोलायची लागण झाली होती. कच्च्या मांसाची कापायची फळी आणि सुरी वेगळी ठेवा. कबाब करायचे असतील तर शिजवलेली चणाडाळ आणि भरपूर तळलेला कांदा मिसळा, डाळ ओल धरून ठेवते.

तुमच्या चार पाकिटांचं मी असं करीन. तपासणीचा निकाल आला की पहिल्या शनिवारी बॅकस्ट्रॅप काढा, पातळ पट्ट्यांचा, म्हणजे मुलांच्या मनातली पहिल्या रश्श्याची आठवण जाईल. रोस्टचं लोणचं आईंच्या विमानाच्या दोन दिवस आधी घाला. स्ट्यू त्या आल्यावर, आणि वाटण त्यांनाच करू द्या. खिम्याचं गोळी आणि मिसळलेली चरबी यांची उत्तरं मिळाल्यावर ठरवा. निर्वात पाकीट असेल तर तो वर्षभर थांबू शकतो. आणि त्या शेजाऱ्यांना लोणच्याची एक लहान बरणी नक्की द्या, झाकणावर ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं इंग्रजीत लिहून.